डॅम्पिंग शीट सगळ्यात शेवटी: जुन्या गाडीतला आवाज कमी कसा करावा?

तुम्ही विचारलंय की गाडी अकरा वर्षांची आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण ताशी 80 किलोमीटरच्या पुढे गेलं की आत एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. खड्ड्यातून गेली की मागून कुठूनतरी खडखड येते. आणि ‘चारही दारांना नि फ्लोअरला डॅम्पिंग शीट मारून घ्या, नव्यासारखी होईल’ असं गॅरेजवाल्याने सांगितलंय. (डॅम्पिंग शीट म्हणजे पत्र्याची थरथर मारायला त्याला आतून चिकटवायची शीट.) मारून घेऊ का?

घ्या, पण सगळ्यात शेवटी. मी हे उलट्या क्रमाने करून बसलोय. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या चारही दारांत मी आधी शीट लावून घेतल्या. दार लावताना ‘ढब्’ असा भारदस्त आवाज यायला लागला आणि दोन दिवस मी उगाचच दारं उघडझाप करत होतो. तिसऱ्या दिवशी गाडी मोठ्या रस्त्यावर काढली, तर आतली घूंघूं जशीच्या तशी! ती दारांतून येतच नव्हती. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, आणि शीट लावणाऱ्याने काय किंवा मी काय, गाडी चालवून ऐकायची तसदीच घेतली नव्हती.

यामागचा डेसिबलचा हिशेब जरा फसवा असतो. समजा टायरांचा आवाज 70 डेसिबल आहे आणि वाऱ्याचा 60. दोन्ही मिळून होतात 70.4. म्हणजे वाऱ्याचा आवाज मुळापासून घालवलात तरी कानाला पत्ता लागणार नाही. आणि ‘आवाज निम्मा झाला’ असं वाटायला साधारण 10 डेसिबल कमी व्हावे लागतात. त्यामुळे आधी सगळ्यात मोठा आवाज कुठला ते शोधायचं, त्याचा बंदोबस्त करायचा, मग उरलेल्यांत जो मोठा त्याच्या मागे लागायचं. मोठा आवाज गेला की त्याच्याखाली दबलेले बारीकसारीक आवाज वर येतात, हेही लक्षात असू द्या. बेअरिंग बदलल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपला डॅशबोर्ड कुरकुरतो. एक काम केल्यावर खडखड वाढल्यासारखी वाटली तर मेकॅनिकला शिव्या घालण्याआधी हे आठवा.

शोधायला उपकरण लागत नाही. रिकामा, सरळ रस्ता बघा. नेहमीच्या वेगाला या, क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका आणि ऐका. (चावी मात्र बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकला मिळणारी मदत जाते. ऑटोमॅटिक असेल तर नुसता पाय काढून ऐका.) आवाज एकदम पडला तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा इंजिनाच्या माउंटिंगकडचा. पडला नाही तर टायर, बेअरिंग किंवा वारा. आता रस्ता जिथे बदलतो तिथे कान द्या. खरबरीत काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर येताच सूर बदलला तर टायर. रस्ता कसाही असो, घूंघूं फक्त वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर बेअरिंगचा संशय घ्या. वारा या दोघांपेक्षा फार झपाट्याने वाढतो. 50 च्या वेगाला तो जाणवतही नाही आणि 100 ला खिडकीच्या कोपऱ्यात सूंसूं करत असतो.

बेअरिंगची खात्री वळणावर होते. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घूंघूं वाढली तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचं. मग गॅरेजमध्ये गाडी नीट उचलून चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची किरकिर कानाआधी बोटांना लागते. तसं निघालं तर ते काम आवाजापेक्षा सुरक्षिततेसाठी लगेच करून घ्या.

टायरवर मात्र जरा वेळ घालवा, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत खरा चोर तोच असतो. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. रबर वर्षांनुवर्षं कडक होत जातं आणि कडक टायर रस्त्याचा प्रत्येक खडा आत पोचवतो. टायरच्या बाजूला ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरं-आकडे असतात, त्यांतले शेवटचे चार आकडे बघा: 3417 असेल तर टायर 2017 सालच्या 34 व्या आठवड्यात बनलाय. मग तळहात नक्षीवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं तर टायर तिरका झिजलाय आणि त्याचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. कित्येकांची चांगली बेअरिंगं यापायी बदलली गेलीत. ताळा करायला पुढची चाकं मागे, मागची पुढे घ्या. आवाजही जागा बदलून गेला तर निकाल लागला. पण नवे टायर टाकण्याआधी अलाइनमेंट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासा, नाहीतर नवेही तसेच झिजतील. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ‘अ‍ॅव्हरेज वाढतं’ म्हणून चार-पाच पॉइंट जास्त भरणाऱ्यांच्या गाड्या ढोलासारख्या वाजतात. नवा टायर निवडताना युरोपीय लेबलवरचा डेसिबलचा आकडा बघणार असाल तर तो गाडीबाहेर मोजलेला असतो, तुमच्या कानाशी नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

आता ती मागची खडखड. आधी आवाजाची जात ओळखा. खडखड म्हणजे दोन कडक वस्तू एकमेकींवर आपटतायत. तिथे आवळायचं किंवा मध्ये मऊ काहीतरी घालायचं. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग घासतायत, क्षणभर अडकतात आणि सुटतात. तिथे फेल्टची पट्टी किंवा थोडं सिलिकॉन. आणि ठरावीक आरपीएमलाच येणारी झणझण म्हणजे पातळ पत्रा थरथरतोय. ती बहुतेक वेळा खालून येते, सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवायला जो पत्रा असतो त्याचा बोल्ट गंजून सुटलेला असतो. गाडी पूर्ण थंड असताना त्याच्यावर मुठीने ठोका, लगेच कळेल. मोठ्या स्टीलच्या क्लॅम्पने तो पक्का होतो. पत्रा काढून मात्र टाकू नका, तो उगाच बसवलेला नसतो.

खडखड शोधायला गाडी आधी पूर्ण रिकामी करा. अगदी पूर्ण: डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, दारांच्या कप्प्यांतली चिल्लर, चष्म्याच्या खणातला चष्मा. मग दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बेल्ट लावून बसा. चालवता चालवता खडखड शोधणं धोक्याचं आहे आणि निरुपयोगीही, कारण पुढे बसून मागचा आवाज भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. संशय येईल ती वस्तू हाताने दाबून धरायची. आवाज थांबला तर सापडला. मी डिकीचं निम्मं प्लास्टिक उतरवून, फेल्ट चिकटवून, पुन्हा बसवलं होतं. खडखड तशीच. एकदा मागे बसलेल्या भावाने सहज हात सीटच्या पाठीवर टाकला आणि आवाज बंद! मागच्या सीटची पाठ दुमडते, तिचं कुलूप ज्या लोखंडी कडीत अडकतं ती कडी झिजली होती. तिच्यावर कापडी टेपचे दोन वेढे दिले, वायरिंगला गुंडाळतात तीच टेप. पाच मिनिटांचं काम. तुमच्या गाडीत आधी हीच कडी बघा, मग रिकाम्या सीटवरच्या बेल्टचं बक्कल खांबाच्या प्लास्टिकवर आपटत नाही ना ते, मग डिकीवरचा ट्रे आणि नंबर प्लेट.

खडखड आतून न येता खालून, बारीक खड्ड्यांवर टकटक अशी येत असेल तर सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) बघायला सांगा. आणखी एक सोपी परीक्षा: हळू वेगात, खराब रस्त्यावर ब्रेकला नुसता पाय टेकवा. टकटक थांबली तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या आहेत. बुशचं रबर कडक झालं असेल तर टकटक न येताही रस्त्याची गुरगुर बॉडीत शिरते, आणि ती कुठल्याही शीटने अडत नाही.

वाऱ्याचा आवाज असेल तर दारांचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बघा. यातलं गणित फार बोलकं आहे: सगळा आवाज अडवणारी भिंत असली आणि तिच्यात फक्त 1 टक्का जागा उघडी राहिली, तरी ती भिंत 20 डेसिबलपेक्षा जास्त काही अडवू शकत नाही. म्हणजे बीडिंगला फट असताना दारात शीट भरणं म्हणजे खिडकी उघडी टाकून भिंत जाड करणं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारख्याच जोराने निघायला हवी. जिथे सुळकन निघते तिथे फट. पट्टी सगळीकडेच सैल निघाली तर दार जिथे अडकतं तो खांबावरचा हूक मेकॅनिककडून थोडा आत सरकवून घ्या. बीडिंग फाटलेलं नसेल तर धुऊन, वाळवून सिलिकॉन ग्रीस चोळा. साधं ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे तिथे नको, पेट्रोलियमने ते रबर फुगतं. शंका असलेल्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून तेवढ्याच वेगाने चालवून बघणं, ही तर फुकटातली प्रयोगशाळा. एका वेळी एकच फट मात्र बुजवा.

आणि दाराच्या प्लास्टिकमागचं पातळ आवरण! काच वर-खाली करायची मोटर किंवा स्पीकर बदलताना ते फाडलं जातं आणि पुन्हा कुणी चिकटवत नाही. माझ्या दोन दारांत ते अर्धं लोंबत होतं. तिथून आवाज येतो, पावसाचं पाणीही आत झिरपतं. शीटचा विचार करण्याआधी ते धड करा. तसंच नंतर बसवलेल्या वायरी इंजिनकडून आत येतात त्या भोकातलं रबर शाबूत आहे का तेही बघा.

हे सगळं झाल्यावर शीट. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली ब्यूटाइल रबराची शीट घ्या. छपरांची गळती थांबवायची डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण उन्हात वास मारते आणि ओघळते. ब्यूटाइल शीटचं काम पत्र्याची थरथर मारणं एवढंच आहे, बाहेरचा आवाज अडवणं हे तिचं काम नव्हे. म्हणून पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते तिसरा हिस्सा झाकला की बहुतेक फायदा मिळून जातो. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत जा. ‘टण्ण’ वाजेल तिथे लावा, ‘टक्’ वाजेल तिथे सोडा. पत्रा आधी स्पिरिटने पुसा आणि शीट रोलरने घट्ट दाबा. नुसती चिकटवलेली शीट पत्र्याबरोबर नाचत राहते. टायरच्या आवाजासाठी दारांपेक्षा मागच्या चाकांवरच्या कमानी आणि स्टेपनीचा खळगा जास्त उपयोगी, आणि चाकाच्या कमानीत बाहेरून लायनर (अस्तर) नसेल तर तो बसवून घेणं त्याहून उपयोगी.

फोमबद्दल थोडक्यात. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचाच घ्या. स्पंजासारखा फोम पाणी धरतो आणि खाली पत्रा गंजतो. त्याच्याकडून घूंघूं जाण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. 100 हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, सेंटिमीटरभर फोम त्याला काय करणार? तो कुरकुर थांबवायला आणि वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषायला ठीक.

काम करून घेताना समोर उभे राहा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजता कामा नयेत. छताच्या कडेला आणि खांबांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर तिथे काही कोंबू देऊ नका. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दाराच्या पोकळीतला दाब मोजतो. तुमच्या गाडीत तसा असेल तर दारांना हातच लावू नये असं माझं मत.

माझ्या गाडीत डॅशबोर्डची कुरकुर अजून आहे. सकाळी थंडीत येते, ऊन चढलं की जाते. तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवायचा नाही असं मी ठरवलंय, कारण अकरा-बारा वर्षांच्या प्लास्टिकच्या क्लिपा उतरवताना तुटतात आणि मग एकाच्या जागी चार आवाज येतात. तुम्ही आधी न्यूट्रलची परीक्षा करा, तळहात टायरवरून फिरवा आणि काय जाणवलं ते इथे खाली लिहा. टायर की बेअरिंग, एवढं तरी त्यावरून सांगता येईल.