रूटच्या मागे लागू नकोस

अरे, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड शोधत बसू नकोस. उबुंटू या लिनक्स सिस्टिममध्ये रूटचं खातं मुळातच कुलूपबंद असतं. इन्स्टॉल करताना तू जे पहिलं खातं बनवलंस ते 'सुडो' गटात आहे, म्हणजे कमांडच्या आधी 'सुडो' लिहून त्याला अ‍ॅडमिनची कामं करता येतात, तेव्हा स्वतःचाच पासवर्ड टाक आणि काम कर.

धाकट्या भावाला साधं खातं दे, अ‍ॅडमिन नको. त्याला पुढे एखाद्या गटात घालायचं झालं तर 'युजरमॉड' या खातं बदलायच्या कमांडला कॅपिटल जी (-G) हा पर्याय देताना सोबत स्मॉल ए (-a) द्यायला विसरू नकोस. ते ए द्यायचं राहून गेलं की आधीचे सगळे जादा गट पुसले जातात. मी हा पराक्रम स्वतःच्याच खात्यावर केलाय! सुडो गेलं, आणि मशीनवर दुसरा अ‍ॅडमिन नाही. शेवटी रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मशीन सुरू करायची पद्धत) रूट शेल, म्हणजे रूट म्हणून कमांड द्यायची जागा, उघडलं, डिस्क लिहिण्याजोगी माउंट केली (जोडली) आणि खातं परत गटात घातलं. तेव्हापासून एक जादा अ‍ॅडमिन खातं ठेवतोच.

सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स फाइल साध्या एडिटरात उघडू नकोस. 'व्हिसुडो' वापर, ते जतन करण्याआधी चुका तपासतं. आणि नेटवरची कमांड सुडो लावून चिकटवण्याआधी निदान एकदा वाच रे बाबा.