अमेरिकेतील यादवी युद्धाचा (१८६१–६५) उत्तर आणि दक्षिणेच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला?

दक्षिण पार खचली; उत्तर मात्र युद्धाअंती अधिक बळकट झाली. दक्षिणेची मदार कापसाच्या निर्यातीवर होती. उत्तरेच्या नौदलाने बंदरं रोखली आणि ती निर्यात आटली. मग खर्चासाठी नोटा छापणं सुरू झालं. महागाई इतकी भडकली की एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, भुकेल्या बायकांनी रस्त्यावर उतरून दुकानं फोडली. उत्तरेनेही नोटा छापल्या, पण तिच्याकडे कर, कर्जरोखे, कारखाने आणि रेल्वेचं जाळं होतं.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल म्हणजे सुमारे ४० लाख गुलामांची मुक्ती. पण त्यांना जमीन दिली गेली नाही, हा घोर अन्याय होता. अनेकजण वाट्याने शेती करत पुन्हा जमीनमालकांच्या कर्जात अडकले.