सॉफ्ट मॅटर आणि आपला चीक

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं: "माझी मुलगी विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय 'सॉफ्ट मॅटर अँड कॉम्प्लेक्स फ्लुइड्स'. गणपतीत घरी आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, 'नेमका काय करतंस गो थंय?' तिला मराठीत धड सांगताच येईना. 'मऊ पदार्थांवर संशोधन' म्हणाली तर सगळे हसले. व्हिस्कॉसिटीला एका पुस्तकात 'श्यानता' दिसतं, दुसऱ्यात 'विष्यंदिता'. यातलं बरोबर कोणतं? आणि सॉफ्ट मॅटर, कॉम्प्लेक्स फ्लुइड यांना मराठीत काय म्हणायचं?"

ताई, खरं उत्तर तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरातच आहे. पण आधी व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रव वाहताना आतून किती अडतो ते, हातावेगळी करू, कारण तिथे भांडण सोपं आहे.

'विष्यंदिता' या शब्दात 'स्यन्द्' हा धातू आहे. त्याचा अर्थ वाहणं, पाझरणं. विष्यंद म्हणजे झरणं. म्हणजे शब्द फोडून पाहिला तर 'विष्यंदिता' ही पातळ ताकाला जास्त आणि काकवीला कमी असायला हवी. आपल्याला म्हणायचंय नेमकं उलट! मला तर वाटतं, 'व्हिस्कॉसिटी'च्या आवाजाशी जुळतो म्हणून हा शब्द बसवला आणि अर्थाकडे कुणी पाहिलं नाही. 'श्यानता' त्यापेक्षा बरी. 'श्यै' धातूचा अर्थ साकळणं, थिजणं. पाणिनीने द्रव थिजण्यासाठी खास सूत्रच दिलंय, 'द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः', आणि त्याचं नेहमीचं उदाहरण 'शीनं घृतम्', म्हणजे थिजलेलं तूप. काटेकोर वैयाकरण म्हणेल, मग 'शीनता' करा. पण रघुवंशात शरद ऋतू येतो आणि वाटांवरचा चिखल 'आश्यान' होतो. कालिदासाला चाललं ते आपल्याला चालावं. तेव्हा परीक्षेच्या पेपरात श्यानता लिहावं.

परिभाषेला सरसकट नावं ठेवण्यातला मी नाही. 'इमल्शन'ला, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब विखुरलेल्या मिश्रणाला, 'पायस' ज्याने सुचवलं त्याला माझा नमस्कार. इमल्शनच्या मुळाशी 'दूध काढणं' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे आणि पायसाच्या मुळाशी 'पयस्', म्हणजे दूधच. तीच गोष्ट 'कोलॉइड'ची, म्हणजे बारीक कण खाली न बसता तरंगत राहतात अशा मिश्रणाची. टॉमस ग्रॅहॅमने १८६१ मध्ये हा शब्द केला तो ग्रीक 'कोल्ला'वरून. कोल्ला म्हणजे सरस, खळ. आपण त्याला 'कलिल' म्हणतो. हाही आवाजावरूनच सुचला असणार, पण संस्कृतात कलिल म्हणजे मिसळलेलं, गढूळ, ज्यातून पार होणं अवघड असं. गीतेतलं 'मोहकलिल' आठवा. म्हणजे कलिलात आवाज आणि अर्थ दोन्ही जुळले, पायसात अर्थ जुळला आणि विष्यंदितेत नुसता आवाज.

आता बोलण्यातला शब्द. बरेच जण व्हिस्कॉसिटीला 'चिकटपणा' म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना आतून किती अडतात, ते झालं एक. द्रव बोटाला किती धरून राहतो, ते दुसरं. खोबरेल तेल पाण्यापेक्षा कितीतरी दाट, पण त्याला कुणी चिकट म्हणत नाही. उलट फणसाचा चीक बोटांवरून काढायला आपण तेच तेल लावतो. तेव्हा रोजच्या बोलण्यात 'दाटपणा'.

गंमत अशी की इंग्रजी शब्दाची जात मात्र चिकटपणाचीच आहे. लॅटिनमध्ये 'विस्कम' म्हणजे आपल्या बांडगुळाच्या गोतातली एक वनस्पती. तिच्या फळांतला चिकट गर काढून लोक फांद्यांना फासायचे आणि पाखरं धरायचे. त्या गरावरून विस्कस, त्यावरून व्हिस्कॉसिटी. हे मला कळलं त्या दिवशी मी परसातल्या हापूसकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. त्याच्या दोन फांद्यांवर बांडगूळ आहे. इवलासा फुलटोच्या त्याची फळं खातो, पण गराने लडबडलेली बी त्याच्या अंगावेगळी होत नाही. मग तो शेपटाकडचा भाग फांदीवर घासतो, बी तिथेच चिकटते आणि नवं बांडगूळ रुजतं. आंबा बागायतदाराची डोकेदुखी म्हणजे शब्दशः व्हिस्कॉसिटी.

आता सासूबाईंकडे वळू. दाट, पातळ, सैल, चिकट, चिवट, बुळबुळीत, लिबलिबीत, सरबरीत: हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. ओला बोंबील लिबलिबीत असतो, भेंडी बुळबुळीत. पाकाला तार येते आणि भेंडीलाही येते, पण पाकाची तार ओघळून तुटते, भेंडीची ताणली तर मागे खेचते. का? भेंडीच्या बुळबुळीत लांबच लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात. ताणलं की ते सरळ होतात, सोडलं की पुन्हा गोळा होतात. साखरेच्या रेणूंना अशी शेपटं नाहीत. त्या साखळ्या म्हणजेच पॉलिमर. (कोशात 'बहुवारिक' आहे. शब्द चांगला, पण मी तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पॉलिमरच म्हणावं.) इतके लांब रेणू असू शकतात हे हेर्मान श्टाउडिंगरने १९२० मध्ये मांडलं तेव्हा मोठमोठ्या रसायनज्ञांना ते पटलं नव्हतं. त्याला नोबेल मिळायला १९५३ उजाडलं.

घावन आणि आंबोळी घ्या. घावनासाठी आमची मावशी सांगायची, "पीठ वायच सैल ठेव गो." सैल पीठ तव्यावर पडलं की आपणच पसरतं. आंबोळीचं आंबलेलं पीठ पळीने मधोमध घातलं की तिथेच बसून राहतं. पळीच्या बुडाने फिरवलं तर पसरतं, हात थांबला की तेही थांबतं. पाण्याला असा स्वभाव नाही. न्यूटनने १६८७ मध्ये द्रवांचा जो सरळ हिशेब मांडला, दुप्पट जोर तर दुप्पट वेग, तो पाण्याला लागू पडतो, तेलाला पडतो. आंबोळीच्या पिठाला पडत नाही. टूथपेस्टला नाही, सॉसला नाही, रक्तालाही नाही. या सगळ्यांना मिळून 'कॉम्प्लेक्स फ्लुइड' म्हणतात.

याचा सगळ्यात सुरेख नमुना मी नाचणीच्या सत्त्वात पाहिलाय. नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात आणि रात्रभर ठेवून देतात. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की पातेल्याच्या तळाशी साका बसलेला. त्यात बोट हळू रोवा, लोण्यात गेल्यासारखं जातं. झटक्याने टोचा, नख अडतं. चमच्याने खरवडलात तर कोरडा तुकडा निघतो आणि दुसऱ्याच क्षणी चमच्यातल्या चमच्यात ढेपाळून ओघळायला लागतो. लहानपणी या खेळापायी मी मार खाल्लाय, कारण सगळ्या सत्त्वात बोटं जायची. पिठुळाचे, म्हणजे स्टार्चचे, कण दाटीवाटीने पाण्यात असतात. हळू गेलात तर ते बाजूला सरतात. घाई केलीत तर सरायला वेळ मिळत नाही, एकमेकांवर घासून अडून बसतात. जगभरच्या विद्यापीठांत यावर आजही निबंध लिहिले जातात, आणि तुमच्या मुलीने सासूबाईंपुढे पातेलं ठेवून हेच दाखवलं असतं तर कुणी हसलं नसतं.

अर्थात ते हसले यात नवल नाही. 'सॉफ्ट मॅटर' हा शब्द जन्मलाच गमतीत. १९७० च्या सुमारास पॅरिसजवळच्या ओर्से इथे मादलेन व्हेसिए या संशोधिकेने 'मातिएर मोल', म्हणजे मऊ द्रव्य, असं आपसात थट्टेने म्हणायला सुरुवात केली. तिचे सहकारी पिएर-जील द जेन यांना १९९१ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचं नावच 'सॉफ्ट मॅटर' ठेवलं. त्यात त्यांनी म्हटलं की अमेरिकन लोक याला कॉम्प्लेक्स फ्लुइड म्हणतात, पण ते नाव कुरूप आहे आणि तरुण विद्यार्थ्यांना बिचकवतं. म्हणजे नावावरचा वाद तुमच्या ओटीवर सुरू झालेला नाही.

त्याच व्याख्यानात त्यांनी मऊपणा म्हणजे काय, ते एका बुटावरून सांगितलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी रबराच्या झाडाचा चीक पायाला फासायचे. थोड्या वेळात तो सुकून पायाच्या मापाचा बूट तयार. हवेतल्या ऑक्सिजनने चिकातल्या साखळ्यांमध्ये इथे तिथे गाठी मारल्या, इतकंच झालं. सुमारे २०० कार्बन अणूंमागे एक अणू बदलला आणि वाहणाऱ्याचं न वाहणारं झालं. (पुढे तोच ऑक्सिजन साखळ्या तोडतो आणि बुटाचे तुकडे पडतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने ऑक्सिजनऐवजी गंधकाच्या गाठी मारल्या, म्हणून आपल्या गाड्यांचे टायर टिकतात.) मूठभर कारण, गाडाभर परिणाम: या शास्त्रात 'सॉफ्ट'चा अर्थ हा आहे. कापूस मऊ, गुरगुट्या भात मऊ, सायीचा हात मऊ. त्या मऊपणात हे काही येत नाही, म्हणून 'मऊ पदार्थ' फसतो.

आता त्या गोष्टीतला शब्द पुन्हा पाहा. चीक.

दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. पहाटे खोडाला तिरकी चीर देतात, खाली वाटी टांगतात आणि दुधासारखा चीक ठिबकत राहतो. त्यात फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगीच्या डंखातलं तेच, थोडं घातलं की सगळं साकळतं आणि त्याच्या चादरी लाटतात. हा एक चीक. गाय व्याली की पहिल्या दिवसांचं दूध, तोही चीक. नेहमीच्या दुधापेक्षा त्यात प्रथिनं फार, म्हणून गूळ-वेलची घालून वाफवला की खरवस थरथरत उभा राहतो. आणि घाटावर कुरडयांसाठी गहू आंबवून वाटून काढतात, तोही चीकच. झाडाचा, गाईचा, धान्याचा. एकात रबराच्या साखळ्या, दुसऱ्यात प्रथिनांच्या, तिसऱ्यात पिठुळाच्या. तिन्ही आधी दुधाळ आणि वाहते, तिन्ही थोडक्या उष्णतेने नाहीतर आम्लाने साकळणारे. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी हे तिन्ही एका नावाखाली ठेवले, आणि द जेन यांच्या व्याख्यानातही हेच एका नावाखाली येतं. यातलं नातं आपल्या भाषेने आधीच ओळखलं होतं, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

चिकट, चिकटणे, चिकाटी ही याच घरातली मंडळी. चिकू मात्र नाही बरं का. घोलवड-डहाणूकडे कच्च्या चिकूचा चीक हाताला लागतो म्हणून तसं वाटतं खरं, पण ते नाव मेक्सिकोकडून स्पॅनिश 'चिको'वरून आलं. तिकडे या झाडाच्या चिकापासून च्युइंगम करायचे.

तर माझा कौल असा. निबंधात लिहायचं तर सॉफ्ट मॅटरला 'मृदुद्रव्य', कॉम्प्लेक्स फ्लुइडला 'व्यामिश्र द्रव'. 'गुंतागुंतीचे द्रव' नको, त्याने समजायला अवघड असा अर्थ होतो. इथे म्हणायचंय ते एवढंच, की द्रवात साध्या रेणूंपेक्षा मोठं काहीतरी मिसळलेलं आहे: कण, थेंब, बुडबुडे, साखळ्या. सोलकढी व्यामिश्र आहे, अवघड नाही. 'जटिल'लाही तीच हरकत. आणि घरी सांगायचं तर मुलीने सरळ म्हणावं, "आजी, मी चिकाचा अभ्यास करते. तो का ताणतो, का साकळतो, कधी वाहतो, कधी अडतो, ते मोजते." हा विषय आपल्या किनाऱ्याला परकाही नाही. रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी पॉलिमरच्या द्रवांवर आणि खरवसासारख्या थरथरत्या 'जेल'वरच काम केलं.

एक शुद्धलेखनाचं. 'चीक' दीर्घ, पण 'चिकाचा', 'चिकाला' ऱ्हस्व. तुमच्या पत्रात फणसाच्या 'चीकाचे' डाग आलेत, तेवढे दुरुस्त करून घ्या. डाग साडीवर असतील तर खोबरेल चोळा, पाणी लावू नका.