जंगलातली जुनी जोती आणि कोरीव दगड

प्रश्न : कोयनेच्या बाजूला जंगलात फिरताना घरांची जोती, फुटकं जातं आणि एक कोरीव दगड दिसला, तीन कप्प्यांत माणसं कोरलीयत. हे नक्की काय असेल? दगड घरी आणला तर चालेल का?

उत्तर : दगड बहुतेक वीरगळ आहे हो, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड! खालच्या कप्प्यात लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर तो शिवलिंगाची पूजा करतोय असं असेल, सगळ्यात वर चंद्रसूर्य असले तर मग शंकाच नको. नुसता बांगड्या भरलेला काटकोनात वाकलेला हात असता तर सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड, म्हटलं असतं.

जोती मात्र त्या दगडाच्याच काळातली असतीलच असं नाही, कारण कोयना धरणामुळे आणि नंतर अभयारण्यामुळे तिकडची बरीच गावं उठली, म्हणजे ती घरं अगदी आपल्या आजोबांच्या पिढीतलीसुद्धा असू शकतात आणि त्यांची माणसं आज कुठेतरी पुनर्वसनाच्या गावात राहतायत, त्यांना जाऊन भेटा, देवळं-विहिरी कुठे होत्या ते त्यांच्याइतकं कुणीच सांगणार नाही.

दगड अजिबात हलवू नका प्लीज. जागेवरून उचलला की त्याची अर्धी माहिती गेली. ऑइलपेंट, तारेचा ब्रश काही नको, फोटो आणि लोकेशन घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि हा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे पुढच्या वेळी वनखात्याची परवानगी काढूनच जा.