मुद्राचित्रे तयार आहेत, लघुप्रबंध अडला आहे

प्रिय मैत्रिणी,

बडोद्याहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. मुद्राचित्रणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे तुमचे शेवटचे सत्र आहे आणि उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आजोळावरची एचिंगची, म्हणजे धातूची प्लेट ॲसिडने कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका पूर्ण झाली आहे. परंतु सोबतच्या लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण मार्गदर्शकांनी ‘यात तुमचे काम कुठे आहे?’ असे विचारून परत केले. आता पैसे देऊन तो कोणाकडून लिहून घ्यावा काय, असे तुम्ही विचारता.

लिहून घेऊ नका. नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी ‘ही प्लेट ॲसिडमध्ये इतका वेळ का ठेवली?’ या तोंडी परीक्षेतल्या साध्या प्रश्नापुढे विकतची पाने कामाला येणार नाहीत.

मार्गदर्शकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. पाठवलेल्या प्रकरणात धरणाचा इतिहास आहे, विस्थापनाची माहिती आहे, एचिंगचा युरोपातील उगमही आहे. हे ग्रंथालयात बसून कोणीही लिहिले असते. फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट मात्र पत्रात जाता जाता आली आहे. पाणी ओसरले की वर येणाऱ्या पळसदेवच्या देवळाच्या प्लेटवर तुम्ही ॲक्वाटिंटसाठी, म्हणजे ॲसिडमध्ये जितका जास्त वेळ तितकी गडद छटा मिळावी यासाठी, राळेची पूड वितळवून घेतली, शिखर आधी वार्निशने झाकले आणि दर वेळी थोडा खालचा भाग झाकत प्लेट पुन्हा ॲसिडमध्ये सोडली. शेवटी तळाचा भाग इतका खाल्ला गेला की राळेचे दाणेच सुटले आणि गडद काळ्याऐवजी तिथे करडा डाग छापला गेला. तुम्ही याला चूक म्हणता, पण ती प्लेट तुम्ही टाकून दिली नाही, मालिकेत ठेवली. बुडालेले गाव काळेच दिसावे, हा मूळ विचार त्या डागाने मोडला आणि तरीही तो डाग तुम्हाला पटला, तो का पटला, हे लिहू लागलात की पहिले प्रकरण सुरू झाले.

यासाठी सर्व प्रूफे, म्हणजे काम चालू असताना काढलेले चाचणीचे छाप, क्रमाने जमिनीवर मांडा आणि लागोपाठच्या दोन प्रूफांमध्ये काय बदलले व ते का बदलले, एवढेच लिहा. डच चित्रकार रेम्ब्रांटने 1653 साली केलेल्या ‘तीन क्रूस’ या चित्राची प्लेट पुढे इतकी घासून नव्याने कोरली की कित्येक आकृत्या अंधारात गेल्या. टप्प्याटप्प्याचे छाप उरले, म्हणूनच त्याच्या विचाराचे वळण आज दिसते. तुमच्यापाशी छाप आहेत, शिवाय ते काढणारी व्यक्तीही हजर आहे.

लिहिल्याने चित्रांतले गूढ नाहीसे होईल, ही तुमची भीती मला खोटी वाटत नाही. परंतु चित्राचा अर्थ सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर नाहीच; निर्णयांचा हिशेब तेवढा द्यायचा आहे. आजीच्या आठवणी एखाद्या निर्णयाला कारण झाल्या असतील तिथेच आणि तिच्या संमतीने घ्या. धरणाच्या इतिहासाला दोन पाने पुरेत.

या आठवड्यात फक्त पळसदेवच्या प्लेटवर चार पाने लिहून मार्गदर्शकांना दाखवा आणि बिघडलेली प्रूफेही प्रदर्शनात लावता येतील का, ते त्याच भेटीत विचारा. वहीत तारखा नोंदवलेल्या नसतील तर त्या अंदाजाने घालू नका. ज्या प्रूफात जास्त भाग खाल्लेला आहे ते नंतरचे, एवढ्या पुराव्यावर क्रम लागतो.