डिस्प्यूट उघडलात, पण क्लेम केलात का?

प्रश्न थोडक्यात असा: एका वाचकांनी परदेशातल्या दुकानाकडून ऑनलाइन एक वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स घेतली, पैसे पेपॅलने (ऑनलाइन पैसे भरायची सेवा) भरले. वर्णनात 'काच स्वच्छ, फंगस नाही' असं होतं आणि आली ती आतून बुरशीचं जाळं धरलेली. पैसे भरून ५८ दिवस झालेत, लेन्स हातात येऊन ४७. तिसऱ्याच दिवशी त्यांनी पेपॅलवर डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, उघडला. विक्रेता आधी म्हणाला सॉरी, रिटर्न अप्रूव्ह करतोय, मग म्हणाला आमचा माणूस सुट्टीवर आहे, मग ईमेलवर लिहिलं की रिफंड केलाय, ७ ते १० दिवसांत जमा होईल. तो काही झाला नाही. आता स्क्रीनवर केस क्लोज्ड दिसतंय, कस्टमर केअरला चॅटवर विचारलं की तेच वाक्य परत येतं, आणि वाचक विचारतात की नोटीस पाठवू का, पोलिसात जाऊ का, ग्राहक कोर्टात जाऊ का.

उत्तर:

लेन्स खराब आहे, विक्रेता गोडगोड बोलून तुम्हाला खेळवत होता, हे सगळं मान्य, त्यावर आणखी एक ओळ खर्च करत नाही. तुमचं प्रकरण लेन्सवर अडलेलंच नाहीये, ते २० दिवसांवर अडलंय.

डिस्प्यूट आणि क्लेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि असे प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना हे केस बंद झाल्यावर कळतं. डिस्प्यूट म्हणजे तुम्ही आणि विक्रेता, दोघांनी बोलून बघा म्हणून उघडून दिलेली खिडकी, त्यात पेपॅल कंपनी निकाल देत नाही, फक्त बघत बसते. निकाल हवा असेल तर तोच डिस्प्यूट तुम्ही स्वतः बटण दाबून पुढे ढकलायचा, म्हणजे त्याचा क्लेम होतो, आणि हे डिस्प्यूट उघडल्यापासून २० दिवसांच्या आत करायचं. नाही केलंत तर तो आपोआप बंद होतो आणि एकदा बंद झालेला डिस्प्यूट परत उघडता येत नाही. विक्रेत्याच्या सांगण्यावरून तुम्ही स्वतः बंद केलात तरी तेच. 'डिस्प्यूट बंद करा म्हणजे रिफंड प्रोसेस होईल' असं कुणी म्हणालं तर समजून जा. तुम्ही बंद केला नाहीत एवढं बरं केलंत, पण पुढेही ढकलला नाहीत, त्यामुळे शेवट एकच झाला.

आता तुमची तारीखवार हकिकत बघा, डिस्प्यूट उघडल्यापासून मोजून. पहिला मेसेज चौथ्या दिवशी, सुट्टीवाला बाराव्या दिवशी, आणि 'रिफंड केलाय, ७ ते १० दिवस थांबा' हा बरोब्बर सोळाव्या दिवशी. सोळा अधिक दहा किती होतात ते मी सांगायला नको. हा योगायोग असेलही, मी विक्रेत्याच्या मनात शिरलेलो नाही, पण असल्या प्रकरणांत शेवटचं आश्वासन नेहमी मुदत ओलांडून जाईल एवढ्याच लांबीचं का असतं हे मला पडलेलं जुनं कोडं आहे. आणि या सगळ्यात तुम्ही ईमेलवर बोलत राहिलात, डिस्प्यूटच्या खिडकीत एक अक्षर टाकलं नाहीत, त्यामुळे कंपनीच्या बाजूने बघितलं तर तक्रारदार तीन आठवडे गप्प बसून होता असंच दिसतं. अटी मोठ्या असतात, कुणी वाचत नाही, मीही 'आय ॲग्री' दाबूनच पुढे जातो. पण पैसे अडकले की परत येऊन वाचतो, तेवढं तरी करायला हवं होतं.

तुम्ही लिहिता, 'पण १८० दिवस असतात ना?' असतात, पण ते डिस्प्यूट उघडायला, पैसे भरल्याच्या तारखेपासून. तो तुम्ही उघडलात, म्हणजे ती मुदत तुम्ही वापरून टाकलीत. त्याच खरेदीवर तेच कारण घेऊन दुसऱ्यांदा दार वाजवता येत नाही. कस्टमर केअरचा माणूस चॅटवर 'वी आर लुकिंग इन्टू इट' म्हणाला होता ते सोडून द्या, त्याच्या तसं म्हणण्याने घड्याळ थांबत नाही.

मग आता काय. तुम्ही दोन पानं लिहिलीत पण ज्यावर सगळं ठरतं ती गोष्ट लिहिली नाहीत: पेपॅलमध्ये पैसे आले कुठून? क्रेडिट कार्डवरून, डेबिट कार्डवरून, की बॅलन्स किंवा थेट बँक खात्यातून? आधी हे बघा, आजच बघा, कारण कार्डवरून गेले असतील तर एक दार अजून उघडं आहे, चार्जबॅकचं (कार्डच्या बँकेने व्यवहार उलटवून पैसे परत मागवायचे), आणि ते पेपॅलकडे नाही, तुमच्या कार्डच्या बँकेकडे मागायचं असतं. बॅलन्समधून किंवा खात्यातून गेले असतील तर ते दार तुम्हाला नाहीच, मग खाली कायद्याचं लिहिलंय तेवढंच उरतं.

व्हिसा आणि मास्टरकार्ड, दोघांच्याही नियमांत असल्या तक्रारीला साधारण १२० दिवस असतात, वर्णनाप्रमाणे माल नाही अशा प्रकारात बहुधा माल मिळाल्यापासून धरतात. तुमचे ४७ गेलेत, म्हणजे कागदावर ७३ उरतात. पण त्या आकड्यावर झोपू नका (एकदा झोपलात ते पुरे), ते दिवस तुमच्या बँकेला पुढे केस टाकायला दिलेले आहेत, तुम्हाला विचार करायला नाहीत. बँक स्वतःसाठी त्यातले काही दिवस राखून ठेवते, काही बँका ग्राहकाला त्याहून कितीतरी कमी मुदत देतात. तुमच्या बँकेची किती आहे ते फोन करून विचारा आणि तक्रार मात्र लेखी द्या.

लेखी देताना एक चूक हमखास होते. फॉर्मवर पहिला पर्याय असतो 'हा व्यवहार मी केला नाही', आणि घाईत, किंवा कुणी दीडशहाण्याने सांगितलं म्हणून, लोक तोच टिक करतात. व्यवहार तुम्ही केलाय, माल तुमच्या पत्त्यावर आलाय, विक्रेता डिलिव्हरीचा पुरावा टाकेल आणि खोटी तक्रार म्हणून तुमची केस तिथेच संपेल, शिवाय कार्ड ब्लॉक होईल ते वेगळं. 'माल मिळाला नाही' हेही टिक करू नका. तुमच्यासाठी कारणं दोनच: माल वर्णनाप्रमाणे नाही, किंवा कबूल केलेला रिफंड जमा झाला नाही. हे दुसरं कार्डच्या नियमांत स्वतंत्र कारण आहे आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं, कारण लेन्समधला फंगस आधीचा की तुमच्याकडे धरला यावर विक्रेता वाद घालू शकतो, पण 'रिफंड केलाय' हे त्याचं स्वतःचं तारखेसकट लेखी वाक्य आहे आणि पैसे आलेले नाहीत हे तुमचं स्टेटमेंट सांगतं. म्हणजे ज्या ईमेलने तुमचे २० दिवस खाल्ले तोच आता उपयोगी पडेल. कुठल्या कारणात बसवायचं ते शेवटी बँक ठरवते, तुम्ही दोन्ही कागद द्या आणि हकिकत एकच, सरळ लिहा.

वर्णनाप्रमाणे नाही या कारणात एक अट असते, माल परत केला किंवा निदान परत करायची तयारी दाखवली याचा पुरावा लागतो. तुमच्या ईमेलमध्ये 'रिफंड द्या, रिफंड द्या' अकरा वेळा आहे, 'लेन्स परत पाठवतो, पत्ता द्या' एकदाही नाही. तो ईमेल आज रात्री जायला हवा. दोनच ओळी, राग नको, उत्तराला ७ दिवस द्या, पण बँकेकडे जायला ते ७ दिवस थांबू नका.

कायद्याचं आता. तुम्ही कुठल्या देशात राहता तेही लिहिलं नाहीत, त्यामुळे इथे मी हातचं राखूनच बोलणार. अमेरिकेत असाल आणि क्रेडिट कार्ड असेल तर १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे, ज्या पहिल्या स्टेटमेंटवर ही रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेच्या बिलिंगच्या पत्त्यावर लेखी पत्र पोचायला हवं, फोनने तो हक्क राखला जात नाही. म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. ब्रिटनमध्ये असाल तर त्याच १९७४ सालच्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ बद्दल कुणीतरी सांगेलच, १०० पौंडांच्या वर ते ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूला क्रेडिट कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार. चांगलं कलम आहे, पण मध्ये पेपॅलसारखं वॉलेट आलं की ग्राहक, बँक आणि विक्रेता ही साखळी बऱ्याचदा तुटलेली धरतात, त्यामुळे तुम्हाला ते मिळेलच असं मी म्हणणार नाही. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, ते दिवस तुमचे गेले, मात्र दुकानाने तुम्हाला या हक्काची माहितीच दिली नसेल तर मुदत १२ महिन्यांनी वाढते, म्हणून ऑर्डरचा पहिला ईमेल उघडून बघा त्यात ते लिहिलंय का.

आणि भारतात असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ६९ खाली दोन वर्षं आहेत, कारण घडल्यापासून, आणि राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (लोक अजून मंचच म्हणतात) तक्रार टाकता येते. कायदा म्हणतो निकाल ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत. हे मी पक्षकारांना वाचून दाखवतो तेव्हा आवाज सरळ ठेवायला कष्ट पडतात. तारखा पडतात, समोरच्याला नोटीस पोचत नाही, आणि इथे समोरचा परदेशात आहे, म्हणजे आदेश मिळालाच तरी तो तिकडे जाऊन वसूल कोण करणार. जाऊ नका असं मी म्हणत नाही, दोन वर्षं आहेत, बँकेचा निकाल लागल्यावर ठरवू. आयोग तुमच्यासाठी थांबेल, बँक थांबणार नाही.

वकिलाची नोटीस या टप्प्यावर मला फारशी कामाची वाटत नाही, ज्याला तुमचा ईमेल वाचवत नाही तो माझा लेटरहेड वाचून घाबरेल असं नाही. पोलिसांचं म्हणाल तर सौदा फसला म्हणजे फसवणुकीचा गुन्हा झाला असं होत नाही, पहिल्यापासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. दुकान बनावट निघालं, इतर गिऱ्हाइकांचंही असंच झालंय असं कळलं तर वेगळी गोष्ट, तेव्हा परत लिहा.

तर आज बसून करायचं ते एवढंच: पैसे कुठल्या कार्डवरून गेले ते शोधा, वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या (विक्रेते ते पान बदलतात किंवा काढून टाकतात, तुम्ही अजून घेतलेले नसणार असं मला का कोण जाणे वाटतंय), सोळाव्या दिवसाचा तो ईमेल तारखेसकट पीडीएफ करून ठेवा, परत पाठवायची तयारी दाखवणारा ईमेल टाका आणि उद्या सकाळी बँकेत लेखी तक्रार देऊन तिचा नंबर घ्या. आणि लेन्स साफ करायला कुणाकडे नेऊ नका. तुम्ही शेवटी लिहिलंय की ओळखीचा एक जण स्वस्तात उघडून पुसून देतो म्हणालाय, त्याला नाही सांगा, लेन्स एकदा उघडली की फंगस कुणाचा हा वाद तुम्ही स्वतःच हरलात.