सरांचं कौतुक ‘करावं’ की ‘वाटावं’?

निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मानपत्रात ‘आम्ही सरांचे कौतुक करतो’ असं वाक्य होतं. ‘थोरांचं कौतुक करत नाहीत’ म्हणून ते कुणीतरी खोडलं. खोडणाऱ्याचं चुकलं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही, त्याचा कान तयार आहे. पण खटकतं ते ‘कौतुक’ नव्हे, पुढचं ‘करणे’. कौतुक करतो तो वडीलधारा, किंवा निदान बरोबरीचा. त्यात शाबासकी असते, लाडही असतो. पहिलटकरणीच्या डोहाळजेवणाचं कौतुक, नातवाच्या बोरन्हाणाचं, नव्या जावयाच्या दिवाळसणाचं. ही कौतुकं तोंडाने कमी आणि हातांनी जास्त होतात. म्हणून तर ‘कोडकौतुक’ पुरवायचं असतं. विद्यार्थ्यांनी सरांचं असं कौतुक केलं, तर पाठ थोपटल्यासारखं वाटतं.

‘कौतुक वाटणे’ मात्र खालून वरही जातं. ‘ऐंशीव्या वर्षी आजी रोज टेकडी चढते, कौतुक वाटतं तिचं!’ यात कुणालाही उद्धटपणा दिसत नाही, कारण इथे शब्दाचा जुना अर्थ जागा आहे: नवल. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, अपूर्वाई. लग्नात हाताला बांधायच्या मंगल धाग्यालाही, म्हणजे कंकणालाही, कौतुक म्हणत. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात आई मेना पार्वतीला लोकरीचं कौतुकसूत्र बांधते. स्तुतीचा अर्थ पुढचा.

तो पुढचा अर्थ आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय, की ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ओवी सर्रास ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ अशी लिहिली जाते, जणू ‘चला, मराठीचं गुणगान करू’. मूळ चरण आहे ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’. बोलु म्हणजे बोल, भाषा. माझे बोल मराठीच, पण अमृताशी पैज जिंकतील, असं माउली म्हणतात. गुणगानाचं आवाहन त्यात नाही. फलकांवर ही ओवी चुकीची दिसली की मला फार वाईट वाटतं. भाषेच्या अभिमानासाठी लिहायची, तर निदान अक्षरं तरी त्यांची असावीत.

मानपत्रात कौतुक ठेवायचंच असेल, तर कशाचं ते सांगा. ‘सर प्रत्येक विद्यार्थ्याला नावानिशी ओळखत, याचे आम्हाला आजही कौतुक वाटते.’ हे वाक्य कुणी खोडणार नाही.